लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नाही

दुसऱ्यांचे अर्ज भरणाऱ्या माणसाकडे किस्से साठतात, त्याला इलाज नाही. अर्जात प्रत्येक गोष्टीला एक चौकोन असतो आणि चौकोन लहान असतो. समोरचा माणूस दहा वाक्यं सांगतो, चौकोनात जातात दोन शब्द. उरलेलं सगळं कुठे जाणार? ते माझ्याकडे राहतं.

मी ठाण्यातल्या एका सरकारी हॉस्पिटलात क्लार्क आहे. नाव सांगत नाही, निवृत्तीला अजून सहा वर्षं आहेत. स्टोअरकीपरची जागा कित्येक वर्षं रिकामी आहे, म्हणून स्टोअरचं रजिस्टरही माझ्याकडेच. शिवाय चालू असलेला एकमेव स्कॅनर माझ्या टेबलावर. त्यामुळे अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना परवडणारी घरं द्यायची असं सरकारने ठरवलं, तेव्हा निम्मं हॉस्पिटल कागदांच्या पिशव्या घेऊन माझ्यासमोर येऊन बसलं. मी डोंबिवलीत वडिलांनी घेऊन ठेवलेल्या दोन खोल्यांत आयुष्य काढलंय. घर मिळवायचं म्हणजे काय असतं हे मला त्या चार महिन्यांत कळलं.

* * *

परिपत्रक नोटीसबोर्डावर लागलं त्या दिवशी सगळ्यात आधी इंदूमावशी आल्या. आमच्याकडे वॉर्डातल्या सेविकांना मावशी म्हणतात आणि वॉर्डबॉय, ड्रायव्हर, शिपाई हे सगळे मामा. वयाशी संबंध नाही. इंदूमावशी मात्र वयानेही मावशी, मे महिन्याअखेर निवृत्त होणाऱ्या.

"मॅडम, अत्यावश्यक म्हणजे नक्की काय हो?"

मी समजावायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "म्हणजे ज्यांना रजा मिळत नाही ते ना? मग मी आहे."

मी हसले. त्या हसल्या नाहीत. बावीस वर्षं त्या लॉन्ड्रीच्या मागच्या क्वार्टरमध्ये राहत होत्या, सोबत त्यांची आई. आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली. निवृत्तीनंतर तीन महिन्यांत क्वार्टर सोडायचं. मावशी दर रविवारी भाड्याची खोली बघायला जायच्या, कळवा, डोंबिवली, ठाकुर्ली. घरमालक आधी चहा विचारायचे. मग "घरात कोण कोण?" हा प्रश्न यायचा, आणि आईचं कळलं की खोली आधीच कोणाला तरी दिलेली निघायची.

"एकजण तर स्पष्टच बोलला मॅडम. म्हणाला, इथे काही झालं तर पुढचा भाडेकरू येत नाही."

मी अर्जाचं पहिलं पान उघडलं. पहिलाच चौकोन होता, कायमचा पत्ता.

* * *

ही गोष्ट योजनेच्या खूप आधीची आहे, पण मावशींचा विषय निघालाय म्हणून सांगते.

स्टोअरचं रजिस्टर माझ्या गळ्यात पडलं तेव्हा मी नवीन उत्साहात होते. प्रत्येक वस्तूवर नंबर असला पाहिजे असं ठरवून पांढरा ऑइलपेंट आणि ब्रश घेऊन निघाले. खुर्च्या झाल्या, सलाईनचे स्टँड झाले. अॅम्ब्युलन्सच्या स्ट्रेचरच्या दांडीवर मी मोठ्या थाटात चारचा आकडा काढला आणि रंग जास्त झाला. आकड्याच्या शेपटीपासून एक ओघळ खाली आला आणि तसाच वाळला.

मावशी तेव्हा ते स्ट्रेचर धुवायला उभ्या होत्या. आकड्याकडे बघून म्हणाल्या, "मॅडम, चार लिहिलंय की चाराला सलाईन लावलंय?"

तेव्हापासून दर वर्षी मी नवीन स्ट्रेचरची मागणी पाठवते आणि दर वर्षी "मागणीची नोंद घेतली आहे" असं उत्तर येतं. अॅम्ब्युलन्सला स्ट्रेचर तेच, चार नंबर. रोज सकाळी मावशी ते पुसायच्या, त्या ओघळासकट.

* * *

अलका सिस्टर अठरा वर्षं मेडिकल वॉर्ड सांभाळतायत. कल्याणला राहतात, सहा माणसं एका बेडरूमच्या घरात. उत्पन्नाचा दाखला घेऊन आल्या, मी आकडा टाकला आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली, अपात्र. मर्यादेच्या किंचित वर. साथीच्या काळातल्या जादा ड्युट्यांचा भत्ता उशिरा जमा झालेला, तो नेमका त्या वर्षात धरला गेला.

साथीच्या काळात सिस्टर एकवीस दिवस घरी गेल्या नव्हत्या. मुलगी रस्त्यावर उभी राहून गेटच्या आतल्या आईला हात करायची, ते मी खिडकीतून बघितलंय. त्याच दिवसांचा भत्ता आडवा आला.

सिस्टरांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे बघ, बँक कर्ज देत नाही कारण माझा पगार कमी आणि सरकार घर देत नाही कारण माझा पगार जास्त. मी नक्की कोणत्या वॉर्डात अॅडमिट व्हायचं?"

मग उठल्या. दोन वाजताच्या इंजेक्शनांची वेळ झाली होती.

* * *

मिलिंद आमच्याकडे सफाई करतो. करतो म्हणजे आमच्याकडे, पण आहे कंत्राटदाराचा. त्याने पिशवीतून एक लॅमिनेट केलेला कागद काढला. साथीच्या वेळी नाक्यावर पोलिसांना दाखवायला दिलेला पास. त्यावर गोल शिक्का आणि ठळक अक्षरात "अत्यावश्यक सेवा", खाली मिलिंदचं पूर्ण नाव.

"मॅडम, हे चालेल ना? हे बघून तेव्हा पोलिसाने मला सलाम केलेला."

योजना कायम कर्मचाऱ्यांसाठी होती. मला ते माहीत होतं, तरी मी तो पास स्कॅन करून अपलोड केला. का केला? त्याच्यासमोर नाही म्हणवेना. तीन दिवसांनी उत्तर आलं, कागदपत्र ग्राह्य नाही.

मी त्याला सांगितलं तेव्हा तो फिनेलची बादली घेऊन उभा होता. म्हणाला, "बरं. म्हणजे तेवढ्यापुरतंच होतं ते." आणि पास परत पिशवीत ठेवला, नीट, कोपरे दुमडणार नाहीत असा.

मी दार लावून घेतलं आणि रडले. पुढचा माणूस बाहेर दहा मिनिटं ताटकळला.

* * *

थोडं हसण्यासारखंही सांगते, नाहीतर तुम्ही उठून जाल.

आमच्या लोकांना काहीही लिहून ठेवायचं असलं की कागद लागत नाही. चिकटपट्टी फाडायची, त्यावर पेनाने लिहायचं आणि दिसेल तिथे चिकटवायची. बेडचा नंबर, सलाईनची वेळ, सगळं पट्टीवर. मी इंदूमावशींना अर्जाचा नंबर दिला आणि बजावलं की हा हरवू नका. त्यांनी लगेच पट्टीवर लिहिला आणि ड्रेसिंगच्या ट्रॉलीला चिकटवला, रोज डोळ्यांसमोर राहावा म्हणून.

दुपारच्या पाळीच्या नवीन सिस्टरांना वाटलं, कोणत्या तरी पेशंटच्या रक्ताच्या नमुन्याचा नंबर. त्यांनी लॅबला फोन लावला. लॅबवाल्याने दोन रजिस्टरं पालथी घातली. मग आमच्या वॉर्डात हीऽ धावपळ, नमुना हरवला, पेशंट कोण?

संध्याकाळी उलगडा झाला. लॅबवाले मामा मुद्दाम वर आले आणि मावशींना गंभीरपणे म्हणाले, "तुमचा रिपोर्ट यायला वेळ आहे. काळजी करू नका, नमुना चांगला आहे."

पुढे महिनाभर मावशी लॅबवरून जाताना आत डोकावून विचारायच्या, "आला का रे?"

* * *

घरं डोंबिवलीच्या पलीकडे, शिळ रस्त्याच्या आत बांधत होते. एका रविवारी आम्ही दहाबारा जण नमुन्याचं घर बघायला गेलो. भास्करमामा सोबत होते, आमचे अॅम्ब्युलन्सचे ड्रायव्हर.

हॉस्पिटलची माणसं घर कशी बघतात हे बघण्यासारखं होतं. एका सिस्टरांनी नळ कोपराने उघडून पाहिला. मिलिंद नुसता सोबतीला आलेला, त्याने बाथरूममध्ये मगभर पाणी ओतलं आणि ते जाळीकडे जातं की नाही बघत उकिडवा बसला. एक्स-रेवाले मामा भिंतीवर टिचक्या मारून म्हणाले, "यातून सगळं आरपार दिसेल."

भास्करमामा जिन्यात उभे. लिफ्ट अजून बसली नव्हती, नुसता खड्डा आणि त्यावर फळ्या. मामांनी साइटवरच्या इंजिनिअरला विचारलं, "यात स्ट्रेचर बसेल का?"

"स्ट्रेचर कशाला काका? घर आहे हे."

"घर आहे म्हणूनच विचारतोय."

मामांनी सव्वीस वर्षांत कल्याण-डोंबिवलीच्या जुन्या बिल्डिंगांतून माणसं उतरवलीत. खुर्चीत बांधून, चादरीत घालून, एकदा तर दाराच्या फळीवर. जिना अरुंद म्हणून वेळ गेला आणि वेळ गेल्यामुळे माणूस गेला, असंही झालंय. ते सांगत नाहीत, पण कुठल्याही इमारतीत शिरले की आधी वळण मोजतात. आम्ही त्यावरून त्यांची थट्टा करायचो.

मामांचं स्वतःचं घर नाही. ठाकुर्लीत भाड्याने राहतात, दर अकरा महिन्यांनी करार संपतो आणि बहुतेक वेळा बिऱ्हाड उचलावं लागतं. घरमालक भिंतीला खिळा मारू देत नाही. वहिनींनी लग्नात आलेलं भिंतीवरचं घड्याळ अजून खोक्यात ठेवलंय. "आपलं घर झालं की लावू," असं म्हणता म्हणता मुलगी नोकरीला लागली.

* * *

सोडतीचा दिवस. माझ्या टेबलाभोवती इतकी गर्दी की मला स्क्रीन दिसेना. आमच्या गटात घर जेमतेम एक आणि अर्ज ढीगभर.

विजेत्याचं नाव आलं, भास्करमामा. कोणीतरी त्यांना उचलायला गेलं. मामा नुसते खुर्चीवर बसले आणि फोन काढून वहिनींना म्हणाले, "अगं, ते घड्याळ काढून पूस."

त्याच नावाच्या खाली लहान अक्षरात होतं, प्रतीक्षा यादी क्रमांक एक, इंदूमावशी.

"वेटिंग एक म्हणजे काय?" मावशींनी विचारलं.

कोणीतरी पटकन बोलून गेलं, "म्हणजे बेड फुल आहे."

"मग मी बाहेर बाकावर बसते," मावशी म्हणाल्या. सगळे हसले. त्याही हसल्या.

बाकावर बसलेल्यांना मावशी रोज सांगायच्या, बेड खाली झाला की आत घेते. आणि बेड कसा खाली होतो हे हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत असतं. मावशी उठल्या, भास्करमामांसमोर गेल्या आणि त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझं व्हायलाच पाहिजे होतं रे," म्हणाल्या. खालून सगळ्यांना चहा त्यांनीच मागवला.

त्या रविवारी त्या पुन्हा खोली बघायला गेल्या. निवृत्तीला सात आठवडे राहिले होते.

* * *

पंधरा दिवसांनी भास्करमामा माझ्यासमोर येऊन बसले.

"मॅडम, एक लेटर टाइप करा. घर नको म्हणून."

मला थट्टा वाटली. त्यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

"का पण?"

"काल बिल्डिंग बघून आलो. लिफ्ट बसवलीय आता, टेप घेऊन गेलेलो. लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नाही."

"मग?"

"मग काय? जिथून माणसाला नीट खाली आणता येत नाही तिथे मी राहणार नाही. सव्वीस वर्षं तेच केलंय, आता घरच्यांना घेऊन तिथे जाऊ?"

मला इतका राग आला की आजूबाजूचे बघायला लागले. मी म्हटलं, अहो, एकदा नाकारलं की या गटातून परत अर्ज करता येत नाही. वहिनींना विचारलंत का? त्या घड्याळाचं काय? एका लिफ्टसाठी एवढ्या वर्षांची पायपीट पाण्यात घालता? मामांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं बोट टेबलाच्या कडेवर पुढेमागे फिरत होतं.

"झालं? आता लिहा."

कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, 'लिफ्टमध्ये स्ट्रेचर बसत नाही.' सही घेताना त्यांच्याकडे बघितलंही नाही. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट सगळ्या हॉस्पिटलात झाली आणि मामांचं नाव पडलं स्ट्रेचरमामा. वेडा आहे, डोक्यावर परिणाम झालाय, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले.

घर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाकडे गेलं.

मावशींच्या हातात पत्र पडलं तेव्हा त्या खूश होण्याऐवजी अर्धा तास अॅम्ब्युलन्सपाशी उभ्या होत्या. "भास्कर, अजून वेळ आहे. मी मॅडमना सांगते, पत्र मागे घे. तुझ्या वेडेपणावर माझं घर नको मला."

"मावशी, मला खरंच नको ते."

"आणि लिफ्टमध्ये बसत नाही तर मी आईला कशी नेऊ? सातवा मजला आहे."

"चादरीतून नेऊ. आम्ही चौघं येतो. तुम्ही त्याचं टेन्शन घेऊ नका."

* * *

आणि आता शेवटचा किस्सा.

मावशी निवृत्त झाल्या. निवृत्तीचे सगळे पैसे घरात गेले. कागदपत्रं, ताबा, वीज या सगळ्यात तीन महिन्यांपैकी अडीच संपले. चावी घेतली त्या दिवशी लिफ्ट बंद होती, मावशी सात मजले चढून गेल्या आणि उतरून आल्या. लिफ्ट सुरू झाली ती त्या राहायला जाणार त्या आठवड्यात.

सामान सकाळीच टेम्पोने गेलं. दुपारी आईला न्यायला अॅम्ब्युलन्स. भास्करमामांनी रीतसर परवानगी घेतली होती, त्या कागदावर सही मीच आणून दिली. म्हातारी स्ट्रेचरवर डोळे मिटून पडलेली. तिच्या पायाशी एक खोकं होतं, सुतळीने बांधलेलं.

"हे काय?" मावशींनी विचारलं.

"हिने दिलंय. घड्याळ आहे. तुमच्याकडे भिंत आहे म्हणाली."

मीही सोबत अॅम्ब्युलन्समध्ये होते, खिडकीबाहेर बघत बसले.

मिलिंद आणि बाकीचे तिघे बिल्डिंगखाली थांबले होते, हातात जाड चादर. सात मजल्यांची तयारी म्हणून मिलिंदने कमरेला पंचाही बांधलेला. स्ट्रेचर उतरवलं. लिफ्टचं दार उघडलं.

"थांबा," मामा म्हणाले. "एकदा बघू तरी."

आणि त्यांनी स्ट्रेचर आत ढकललं. ते सरळ गेलं. तिरकं करावं लागलं नाही, टेकवावं लागलं नाही. मामा डोक्याशी, मावशी बाजूला, मी कोपऱ्यात, तरी अजून एक माणूस आरामात उभा राहिला असता. मिलिंद चादर घेऊन बाहेरच राहिला. दार बंद झालं.

पहिला मजला गेला. दुसरा गेला.

"भास्कर," मावशी म्हणाल्या, "बसलं की रे."

मामा दारावरच्या आकड्यांकडे बघत होते. "नवीन स्ट्रेचर आहे मावशी. जरा लहान आलंय."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. "होय का मॅडम?"

"हो," मी म्हटलं. "गेल्याच आठवड्यात आलं. रजिस्टरला मीच घेतलंय."

मावशींनी मान हलवली. मग त्या खाली वाकल्या, आईच्या अंगावरचं पांघरूण ओढून सारखं केलं आणि त्याचं टोक बाजूच्या दांडीवरून खाली सोडलं, पांढरा चारचा आकडा आणि त्याचा तो ओघळ झाकेपर्यंत.